इंदूच्या हाताचं मीठ

इंदू,

तुझं विमान वर चढताना मी पाहिलं. मुहर्रकच्या पुलावर गाडी उभी करायची नसते, पण ह्यांनी केली. मागून एकाने हॉर्न दिला, मग आमच्या तोंडांकडे बघून तो मुकाट्याने वळसा घालून गेला. भर दुपार होती. अशा वेळी इथे समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघच पुसली जाते, सगळं एका दुधी रंगाचं होतं आणि लांबची जहाजं हवेत टांगल्यासारखी दिसतात. त्या दुधात विमान चढत गेलं. वर सीटवर तुझे यजमान सदानंदभाऊ आणि लेक संध्या, खाली पोटात, बॅगापेट्यांच्या शेजारी, तू. मला वाटलं, आता थोड्या वेळाने ट्रे वाटायला घेतील. असल्या वेळी माणसाच्या मनात काय यावं याला काही धरबंध नसतो. कुणीतरी शाकाहारी मागेल, चांदीच्या कागदाचं झाकण उघडेल, वाफ येईल, आणि त्याच्या पायांखाली, काही हातांवर, तू निजलेली असशील.

"खलास," हे म्हणाले. विमान दिसेनासं झालं होतं.

त्यानंतर मी तुझ्याशी सारखी बोलते आहे. भाजी चिरताना, आंघोळ करताना. तू असताना मात्र तुझ्याशी सरळ बोलणं मला जमलं नाही. तू म्हणायचीस, "पुण्याची माणसा पोटात गाठोडा घेवन फिरतत. सोडा गो कधीतरी." मी हसायची. गाठोडं खरंच होतं, इंदू, आणि त्यात तुझीच वस्तू होती.

स्वप्नात येतेस. विमान असतं, पण खाली जमीन असते ती हूरा भागातल्या तुझ्या स्वयंपाकघरातली, ती काळी-पांढरी फरशी, एका कोपऱ्यात टिचलेली. खिडक्यांमधून ढग दिसायच्या जागी समुद्र दिसतो, अगदी काचेला टेकलेला. तू दोन्ही हातांत डबे घेऊन सीटांमधल्या वाटेने येतेस, कुठेही न धडकता, आणि माझ्यापाशी थांबून विचारतेस, "नलू, बघ गो. मीठ बरोबर आसा मां?" माझ्या तोंडात काहीतरी भरलेलं असतं. मला बोलता येत नाही. तू वाट बघतेस. तुला घाई नसते. मी जागी होते.

आपण बहरीनला आलो तेव्हा हा देश नुकताच स्वतःच्या पायांवर उभा राहत होता, आणि त्याची विमानकंपनी म्हणजे पंख्यांची थोडीशी विमानं, पत्र्याची एक मोठी शेड आणि एकमेकांना नावाने ओळखणारी माणसं. ती विमानं किनाऱ्याकिनाऱ्याने जायची यायची, तुमच्याकडच्या होड्यांसारखी. तूच म्हणाली होतीस, "ही काय विमानां? ही तर आमची पडावां!" सदानंदभाऊ त्या विमानांची इंजिनं उघडायचे, माझे हे त्याच शेडच्या टोकाला अकाउंट्समध्ये. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर तुम्ही, खाली आम्ही. तू देवगडची, मी सदाशिव पेठेतली. तुझ्या घरी मासे शिजले की मी खिडकी लावून घ्यायची आणि तू जिन्यातून ओरडायचीस, "नलूबाय, वास आत गेलो तर बाटशात हां!" पण तुझी मासळीची भांडी वेगळी, चूल वेगळी, आणि देवाच्या दिवशीचा तुझा स्वयंपाक खाल्ला तेव्हा मी मुकाट्याने खिडकी उघडी ठेवायला लागले.

मग मुंबईचं जेट सुरू झालं. त्यात बाब अल बहरीनच्या बाजारातले गुजराती व्यापारी असायचे, आणि ते काही खायचे नाहीत. हॉटेलमधून येणारं जेवण कशाला लागलेलं असेल या भीतीने नुसते केळं खाऊन मुंबईपर्यंत बसायचे. त्याच सुमाराला विमानतळावरच्या गोऱ्या साहेबाने सदानंदभाऊंच्या डब्यातली बटाट्याची भाजी चाखली. भाऊ घरी येऊन काय म्हणाले ते तू मला अभिनय करून दाखवलं होतंस. "साहेबान आजपण डब्यात हात घातल्यान. आता तेका वेगळो डबो कर, नायतर माका उपास."

त्या डब्यावरूनच साहेबाने व्यापाऱ्यांचं जेवण तुला सांगितलं, असं ते सुरू झालं. कुठली बैठक नाही, करार नाही. विमानाच्या दिवशी तुझ्या घरी पुऱ्या आणि भाजी, लिंबाचं लोणचं, एखादा रव्याचा लाडू. मी खाली उतरायचीच नाही. पुऱ्या मी लाटायची, तू तळायचीस. पुठ्ठ्याच्या खोक्यांत लोण्याचा कागद घालून आपण भरायचो. खाली कंपनीचा ड्रायव्हर युसुफ व्हॅन घेऊन उभा. आपल्याशी हिंदी बोलायचा, आपल्यासारखंच मोडकं. "यल्ला मदाम, तय्यारा नहीं रुकेगा!" तू वरून सांगायचीस, "अरे रुकेगा! मेरे बगैर कैसे जायेगा?" आणि खरंच एकदा विमान थांबलं होतं. एका चिमुकल्या देशाचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं आणि युसुफ तुझ्या पुऱ्यांची खोकी घेऊन त्याच्या शिडीकडे धावतोय. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

तुझी एक अट होती. पहिलं खोकं देवापुढे. गॅलरीत पत्र्याच्या डब्यात तू तुळस जगवली होतीस, या खाऱ्या वाऱ्यात ती कशी जगली ते देवच जाणे. तिचं पान ठेवायचं, पाणी फिरवायचं, मग बाकीची खोकी बंद करायची. आणि नैवेद्य झाल्याशिवाय चाखायचं नाही. देवाच्या आधी जीभ लावायची नाही. तुझ्या आईची शिस्त. त्यामुळे मीठ तू डोळ्यांनी आणि हाताने घालायचीस. चिमटीत घेऊन वरून सोडायचीस, आणि सोडताना मान किंचित कलती करायचीस, काहीतरी ऐकत असल्यासारखी. नैवेद्य झाला की चाखायचं काम माझं. तुला तेव्हा वेळ नसायचा, तू पुऱ्या मोजायला आणि युसुफशी भांडायला गॅलरीत. मी चमचाभर भाजी तळहातावर घ्यायची. तू बाहेरूनच ओरडायचीस, "मीठ बरोबर आसा मां?" आणि मी म्हणायची, "बरोबर."

आता ऐक. एकदा ते बरोबर नव्हतं. अळणी होतं. खाली हॉर्न वाजत होता, तुझा चेहरा आधीच घामाघूम होता. मी मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं आणि "बरोबर" म्हटलं. तुला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पण त्या विमानाने मुंबईला गेलेले एक शेटजी परत आले ते मुद्दाम जिना चढून आले. "बेन, हवामां घर जेवुं खाधुं." हवेत घरच्यासारखं जेवलो, म्हणाले. तू लाजून पदर नीट केलास. मी दारामागे उभी होते. मला वाटलं, त्या चवीत मीही आहे. कुणालाही माहीत नाही, पण आहे.

तेवढंच पुरलं, इंदू. माणसाला किती थोडं पुरतं.

तुझं नाव होत गेलं. वैमानिक विचारायचे, आज मदाम इंदूचं जेवण आहे का. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला सगळे म्हणायचे, इंदूबाईंच्या हातालाच चव आहे. मी शेजारी बसून हसायची आणि मनात म्हणायची, हो, आणि मीठ कोणाचं? अधूनमधून मी खरंच सावरते असं मला वाटायचं. अशी वर्षं गेली. तू माझ्याइतकं कुणाला जवळ केलं नाहीस, आणि मी तुझ्यापासून ही एवढीशी चोरी जपत राहिले, मुलं गोटी जपतात तशी.

मग ते तीन इंजिनांचं मोठं विमान यायचं ठरलं. आठवतं, गाव कसं झपाटलं होतं? विमानतळाजवळ जेवणाची नवी इमारत उभी राहिली, आतून बाहेरून पांढरी, स्टीलची, एवढी थंड की तू शाल घेऊन गेलीस. तिथे आता सगळ्या विमानांचं जेवण बनणार होतं, लंडनपर्यंतच्या. भारतीय जेवणाचा वेगळा विभाग असणार होता आणि तो तुझ्याकडे द्यायचा असं साहेबाच्या मनात होतं. तुझं माप घेऊन पांढरा कोट शिवायला टाकला. त्यावर तुझं नाव. तू घरी येऊन मला सांगितलंस, "नलू, माझा नाव इंग्रजीत कसा दिसता ता माका म्हायत नाय. तू वाचून दाखव हां." फक्त एकदा चाखायला ठेवायचं होतं. साहेब, विमानातल्या कर्मचाऱ्यांची मुख्य बाई, आणि सरकारी खात्यातला एक तरुण अधिकारी. तिघांनी जेवायचं, मान हलवायची, झालं.

तिथला नियम होता की आचाऱ्याने शिजताना चाखलंच पाहिजे. तू सांगितलंस, मी नैवेद्याआधी चाखत नाही, माझी मैत्रीण नंतर चाखते. साहेब तुझ्यावर इतका खूश होता की म्हणाला, आणा मैत्रिणीला. मलाही कागदाची पांढरी टोपी मिळाली.

त्या दिवशी संकष्टी होती. माझा मुलगा आनंद तेव्हा पुण्याला शिकत होता, सारखा आजारी पडायचा, त्याच्यासाठी मी ती धरली होती. चंद्र उगवेपर्यंत तोंडात काही नाही. सकाळी व्हॅनमध्ये तुला आठवलं. "आज तुझी संकष्टी मां गो?" मी म्हटलं, "या वेळची सोडलीय." सोडली नव्हती. सोडेन असं ठरवलं होतं. खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाला नेलं असतंस आणि मला त्या पांढऱ्या खोलीत जायचं होतं. तिथे तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं.

केवढं पातेलं होतं ते. तू तिथल्या मापाच्या चमच्यांकडे बघितलंस. साहेबाने सांगितलं होतं, इथे सगळं मोजून. तू मोजून घातलंस, मग सवयीने मान कलती केलीस. स्टीलच्या टेबलावर तुझा छोटा देव, तुळशीचं पान. नैवेद्य झाला. तू पुऱ्यांकडे वळलीस. मी तळहातावर भाजी घेतली, तोंडाजवळ नेली, आणि आनंदचा चेहरा समोर आला, तापातला. माझ्याने जीभ लावेना. मी हात पुसला. वाफेकडे बघत राहिले. मनाशी म्हटलं, इंदूचं मीठ नेहमी थोडं कमीच पडतं. आणि मूठ घातली. ढवळलं.

"बरोबर आसा मां?"

"बरोबर."

पुढचं तू पाहिलंसच. पहिला घास. त्या तरुण अधिकाऱ्याने पाण्याचा पेला घेतला, सगळा संपवला, आणि इतक्या आदबीने "शुक्रन, मदाम" म्हणून आभार मानले की तेच जास्त लागलं. त्या बाईने पुरीचा तुकडा मोडून ठेवून दिला. साहेबाने काटा ताटात आडवा टाकला आणि तुझ्याकडे बघायचं टाळलं. तू त्यांच्या तोंडांकडे बघितलंस, मग पातेल्यापाशी जाऊन बोट बुडवून चाखलंस, आणि मग तू तुझ्या उजव्या हाताकडे बघितलंस. तळवा वर करून. कुणी दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात दिल्यासारखं.

मी बोलायला हवं होतं. तिथेच, टोपी काढून. मला इंग्रजी येत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प राहिले. आणि आज लिहायचंच आहे तर हेही लिहिते: त्या घटकेला, घाबरण्याच्या आधी, माझ्या मनाला बरं वाटलं होतं. अगदी एवढंसं. कोटावर एकटीचंच नाव येणार होतं ना.

व्हॅनमध्ये तू म्हणालीस, "माझो हात गेलो गो, नलू."

मी म्हटलं, "असं होतं कधीकधी."

विभाग मुंबईच्या हॉटेलातून आलेल्या आचाऱ्याला मिळाला. साहेब भला होता, त्याने तुला ट्रे भरायच्या रांगेत घेतलं. कोट तोच, नावाचा. पुढे किती वर्षं तू तिथे उभी राहिलीस. विमानं वाढत गेली, शेपटींवरचे रंग बदलले, पत्र्याच्या शेडच्या जागी काचा आल्या, चार दिशांना माणसं जायला लागली, आणि तू सरकत्या पट्ट्यावरच्या ट्रेमध्ये लोण्याची वडी, काटाचमचा, मिठाची पुडी ठेवत राहिलीस. त्या तीन इंजिनांच्या विमानाचं पहिलं उड्डाण आपण हूराच्या गच्चीवरून पाहिलं. संध्याकाळ होती, पोट सोनेरी दिसत होतं त्याचं, आणि आवाज उशिरा आला, विमान पुढे निघून गेल्यावर. तू टाळ्या वाजवल्यास. मनापासून वाजवल्यास. मला तुझा हात धरावासा वाटला, पण कुठल्या तोंडाने?

तुझा माझा वाद कधी मिटला नाही. मी म्हणायची, कंपनी कुणाची, आपण कोण? व्हिसा संपला की यल्ला, चला. तू चिडायचीस. "आमची नाय तर कुणाची? पयली पुरी कुणी तळली?" संध्या विमानतळाच्या काउंटरवर लागली तेव्हा तू पेढे वाटलेस आणि मला म्हणालीस, "बघ, आता तरी बोल आमची म्हणून." मी बोलले नाही. तुझं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. ते कबूल केलं असतं तर तुझं काय गेलं तेही कबूल करावं लागलं असतं.

पण खरं नुकसान झालं ते विभागाचं नव्हे. त्या दिवसानंतर तू चमच्याशिवाय मीठ घातलं नाहीस. सपाट चमचा, वर सुरी फिरवून. तरीही सदानंदभाऊंना विचारायचीस, संध्याला विचारायचीस. आणि एका गौरीच्या दिवशी मी तुझ्या दारात उभी असताना तू भाजीचा चमचा तोंडाला लावलास. नैवेद्याआधी. मी काही म्हणायच्या आत तूच म्हणालीस, आवाज न चढवता, "देवाक खारट देण्यापरास उष्टा बरा."

मी तशीच जिना उतरून खाली आले. गणपतीपुढे बसले. हात जोडता येईनात.

त्याच सुमाराला ह्यांना बढती मिळाली आणि आम्ही रिफाला घर घेतलं. सगळे म्हणाले, एवढं लांब कशाला, गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही. मला तेच हवं होतं. तू शुक्रवारी फोन करायचीस. "काय गो, बंगलेवाली?" आम्ही यायचो, जेवायचो, तू वाढायचीस आणि माझा पहिला घास जाईपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहायचीस. मी म्हणायची, "छान झालंय." तू मान हलवायचीस, पण ते तुला पोचायचं नाही. मीच ती वाट बुजवली होती.

इतकी वर्षं मी मनाला एक कारण देत आले. ते असं: इंदूला सांगितलं की त्या दिवशीचं मीठ माझं, तर तिला कळेल की आधीचंही माझं होतं. तो एक दिवस तिला परत मिळेल, पण शेटजींचं कौतुक, वैमानिक, गणपतीतली शाबासकी, सगळ्यातून तिचा हात वजा होईल. एवढं तिचं कशाला काढून घ्या? म्हणजे मी तुझ्या भल्यासाठी गप्प होते. चांगलं कारण होतं. मी त्यावर पुष्कळ वर्षं झोपले.

इस्पितळात तुला अळणी जेवण होतं. रक्तदाब. तू ताटलीकडे बघून हसलीस, "आता बरा झाला. चुकूक मीठच नाय." मी तुझ्या पलंगावर बसले होते. तू माझा हात घेऊन त्यावरून आपला अंगठा फिरवत होतीस, सहज, लक्ष खिडकीबाहेर. वर एक विमान उतरत होतं आणि त्याची सावली समोरच्या भिंतीवरून सरकली. मी म्हटलं, "इंदू, तुला एक सांगायचंय." तू म्हणालीस, "सांग." नर्स आली, रक्त घ्यायला. तू म्हणालीस, "उद्या ये, निवांत सांग." मी नर्सला थांबवू शकत होते. मी पिशवी उचलली. घरी येताना मला हलकं वाटत होतं, हेही खरं.

तुला उद्या नव्हता.

संध्या परवा देवगडहून परत आली. रजा संपली तिची. सदानंदभाऊ अजून तिकडेच आहेत. मी काल हूरामध्ये तिच्याकडे गेले. तुझ्या ओट्यापाशी ती उभी होती, कंपनीच्या गणवेशात, दुपारची शिफ्ट होती. तुझ्यासारखीच मान कलती करते, तिला माहीत नसावं. म्हणाली, "मावशी, आईची बटाट्याची भाजी शिकवाल? बाबा आले की करीन म्हणते. ती सगळं मोजायची, पण मला माप कधी सांगितलं नाही."

मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. संकष्टी, पातेलं, मूठ. मग माझं ते कारणही सांगितलं, की तुझी आधीची वर्षं तुझ्यापासून जाऊ नयेत म्हणून मी बोलले नाही.

 तिने एवढंच विचारलं. "आधीची म्हणजे? हाऊ मेनी टाइम्स, मावशी? म्हणजे खरंच किती वेळा तुम्ही मीठ घातलं होतं?"

इंदू, मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही नाही. मी तोंड उघडलं आणि "नेहमी" म्हणणार होते. शब्द ओठांवर होता. आणि मला ती दुपार दिसली, तुझी फरशी, तळहातावरची भाजी, आणि जिभेवर ती चव. बरोबर असलेली. दुसरी दुपार. बरोबर. तिसरी. मी आठवत गेले आणि प्रत्येक वेळी चमचा मिठाच्या डब्याकडे न जाता परत पातेल्यात जात होता. ती पहिली एक वेळ. मग कधीतरी आणखी एकदा, फार तर दोनदा. बाकी सगळ्या वेळा मी नुसती चाखून "बरोबर" म्हटलं होतं, कारण ते बरोबर होतं. तुझा हात कमी पडतो ही गोष्ट मी माझ्यासाठी रचली होती, कारण त्या चवीत मला जागा हवी होती. आणि रचता रचता ती मला इतकी खरी वाटायला लागली की त्या दिवशी न चाखता मी तिच्या भरवशावर मूठ घातली.

"फार थोड्या वेळा," मी म्हटलं. "जवळजवळ नाहीच."

"मग आईला सांगितलं असतं तर तिचं काय गेलं असतं?"

"काहीच नाही."

संध्याने ओढणी पिनने नीट लावली.  मला वाटलं ती रडेल आणि मग मी तिला जवळ घेईन. तिने तसं काही होऊ दिलं नाही. "शी केप्ट आस्किंग मी, मावशी. रोज. मीठ बरोबर आहे का, मीठ बरोबर आहे का. मी कंटाळून हो हो म्हणायची, न चाखता." आणि मग तुझ्याच आवाजात, तुझ्या त्या जिन्यातल्या आवाजात, "तुमी असा कसा केलात?"

 पर्स घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळली. "लिहा तुम्ही. मंडळाच्या अंकात आईवर लिहायला सांगितलंय ना तुम्हाला? जन्म, गाव, मनमिळाऊ स्वभाव, ते नको. हे लिहा. तिचा हात बिघडला म्हणून मंडळातल्या सगळ्यांनी हळूहळू तिला गणपतीचा स्वयंपाक सांगायचं बंद केलं. सगळे वाचतील असं लिहा. आणि तुमचं नाव घाला."

म्हणून हे, इंदू. तुझी लेक माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी फोन केला तर तिने उचलून खाली ठेवला. तिचं बरोबर आहे. मंडळातल्या ज्या ज्या कुणी तुझ्या घरच्या पुऱ्या-भाजी विमानात किंवा गणपतीत खाल्ली, त्या सगळ्यांसाठी लिहिते: ती चव इंदूची होती, सगळीच्या सगळी. खारट झाली ती एकदाच झाली, त्या पांढऱ्या इमारतीत, आणि ते मीठ मी घातलं होतं.

नलिनी